भिंतीला हात लावायचा नाही

ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. ही म्हण ज्या कुणी काढली, त्याने कधीतरी पाठीवर पंप बांधून लोकांच्या घरांत औषध फवारलं असणार, अशी माझी खात्री आहे. मी हिवतापाच्या फवारणी पथकात काम करते. लोकांच्या घरी जायचं, सामान बाहेर काढायला लावायचं, भिंतींवर छतापासून जमिनीपर्यंत औषध मारायचं आणि निघताना बोलणी खायची, हे माझं काम. वस्तीत मला ‘वासमावशी’ म्हणतात, कारण औषधाचा वास माझ्या आधी पोहोचतो आणि माझ्यानंतर बऱ्याच वेळाने जातो. म्हणू देत. वासाने मेलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही, तापाने मेलेली पाहिली आहेत.

खरी अडचण औषध वाळल्यावर सुरू होते. भिंतीवर पांढरे ओघळ उमटतात. चुन्याच्या भिंतीवर ते कळतही नाहीत, पण ज्याने हौसेने निळा नाहीतर गुलाबी रंग दिलाय, त्याच्या डोळ्यांत ते खुपतात. मी घरोघरी घसा फोडून सांगते, “हे ओघळ म्हणजेच औषध. पुसायचं नाही, धुवायचं नाही, वर रंग द्यायचा नाही. भिंतीला हात लावायचा नाही.” लोक माना डोलावतात. आमची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली रे वळली, की रंगाऱ्याला निरोप जातो.

आणि हा रंगारी कोण? माझा सख्खा थोरला भाऊ.

हसा, सगळी वस्ती हसते. “बहीण घाण करते, भाऊ साफ करतो, घरातल्या घरात धंदा!” आमच्या पथकाचे मुकादम तर मला विचारतात, “काय हो, भागीदारी कितीची?” कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो माझ्या नशिबी रंगाचा डबा आणि शिडी घेऊन आला.

दादाचा हात मात्र सोन्याचा आहे, हे मी भांडतानाही कबूल करते. तो भिंतीवर नुसता तळवा टेकवून सांगतो, ओल आतून आहे की बाहेरून. त्याला दुकान नाही. घरातली पुढची मोठी खोली हेच त्याचं दुकान. तिची एक भिंत आकाशी, एक मातकट, एकीवर वाळूसारखा खरखरीत पोत, आणि पलंगामागची फिकी पिवळी. गिऱ्हाईक येतं, मध्ये उभं राहून चारी बाजूंना बघतं आणि बोट दाखवून म्हणतं, “हा.” रात्री त्याच खोलीत दादा आणि वहिनी झोपतात. मागे चिंचोळं स्वयंपाकघर आहे, संपलं घर.

त्या पिवळ्या भिंतीबद्दल सांगायला हवं. गेल्या वर्षी वहिनीला दिवस गेले होते, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी. तेव्हा ती खोली मीच फवारली. भिंती जुन्याच होत्या, दादाने हरकत घेतली नाही. मग काही दिवसांनी त्याला भरतं आलं. बाळ येणार, म्हणून कामाला दांडी मारून त्याने सगळी खोली नव्याने रंगवली. शिडीवर उभा राहून गात होता. मी सहज डोकावले आणि दारातूनच ओरडले. “दादा, अरे, औषध गेलं सगळं खाली!” तर हा ब्रश हलवत म्हणतो, “मग काय, माझं बाळ तुझे पांढरे ओघळ बघत मोठं होणार?” वहिनी पलंगावर बसून हसत होती. इतकी आनंदात होती, की मलाही पुढे बोलवेना.

पावसाळ्यात गटारं तुंबली आणि वहिनी तापाने फणफणली. अंगावर तीन गोधड्या टाकल्या तरी तिचे दात वाजत होते. ती वाचली. बाळ वाचलं नाही. त्यानंतर त्या घरात कुणी त्या विषयाचं नाव काढलं नाही. सगळ्या नातेवाइकांनी मला बजावलं, “जे झालं ते झालं, तू आता तोंड उघडू नकोस.” माझ्या जिभेला हाड नाही म्हणणारे हेच लोक! मी मूग गिळून बसले.

यंदा वहिनीला पुन्हा दिवस गेले आणि मी मनाशी म्हटलं, आता कुणीही आडवं येऊ दे, ती खोली मी फवारणार आणि ती फवारलेलीच राहणार.

आडवा आला दादाच. आमचं पथक त्याच्या गल्लीत शिरलं तेव्हा तो दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून उभाच होता.

“मागचं स्वयंपाकघर फवार,” तो म्हणाला. “पुढची खोली नाही.”

“स्वयंपाकघरात कोण झोपतं? पातेली?”

“उद्या बेकरीवाला रंगाची शेड बघायला येणार आहे. वरचा अख्खा मजला रंगवायचाय त्याला. त्याला काय तुझी रांगोळी दाखवू?”

“दादा, वहिनीकडे बघ जरा.”

“तिच्यासाठीच कमावतोय ना?” मग गल्लीतली माणसं जमलेली बघून त्याला चेव आला. “मला एक सांगा, डास चावतो माणसाला आणि ही फवारते भिंतीला! उद्या कुत्रा चावला तर विजेच्या खांबाला इंजेक्शन देशील का गं?”

गल्ली खो खो हसली. मुकादमही हसले, आणि मला म्हणाले, “सोडा हो, पुढचं घर घ्या. एका घराने काय बिघडतंय?”

एका घरानेच बिघडतं. मी पंप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. “रक्त पिऊन डासीण जड होते. लांब उडवत नाही तिला, ती जवळच्या भिंतीवर टेकते. तिथं औषध असेल तर ती तिथंच मरते. नसेल तर आराम करते, आणि ह्याच्या घरातला ताप घेऊन तुमच्या घरी येते. तुम्ही हसा. ती हसणाऱ्यालाही चावते.”

“पालथ्या घड्यावर पाणी ओतू नकोस,” दादा म्हणाला. “खोली फवारून घेतली नव्हती का गेल्या वर्षी? काय उपयोग झाला?”

हे त्याने विचारायला नको होतं. वर्षभर गिळलेलं सगळं एकदम वर आलं.

“उपयोग कसा होईल? औषध होतं त्या भिंतीवर, आणि तू त्याच्यावर पिवळा रंग चढवलास! तू! स्वतःच्या हाताने!”

समोरच्या काकूंनी पदर तोंडाला लावला. दादाचे हात चौकटीवरून खाली आले.

“म्हणजे मी मारलं, असं म्हणायचंय तुला?”

मी ‘नाही’ म्हणायला हवं होतं. कुणीही शहाणी बहीण म्हणाली असती. डास नळावर चावला असेल, शेजारी चावला असेल, कुणी बघितलंय? पण मला त्या क्षणी तसंच म्हणायचं होतं, आणि मी नजर खाली केली नाही. दादाने शिडी खांद्यावर घेतली. जाता जाता म्हणाला, “माझ्या खोलीत पाऊल टाकलंस, तर मला बहीण नाही.”

तो कोपऱ्यावर वळला तसे मुकादम म्हणाले, “झालं समाधान? चला आता.” मी पंप उचलत होते, एवढ्यात दारातून वहिनी बाहेर आली. हातात गुंडाळलेली गादी.

“ताई, ही कुठे ठेवू?”

मला आधी कळलंच नाही. ती गादी ओट्यावर टाकून आत गेली आणि दोन उशा घेऊन आली. मग पाण्याची कळशी. मग कपड्यांचं गाठोडं. फवारणीआधी घर रिकामं करावं लागतं, ते ती करत होती, आणि तिचा चेहरा असा होता की कुणी विचारायला धजेना.

मुकादमांनी विचारलं. “अहो बाई, घरचा माणूस नको म्हणून गेलाय.”

“मी कोण आहे? घरचं मांजर?”

“तसं नव्हे, पण परवानगी...”

“ह्या खोलीत दिवसरात्र मी असते. ताप मला आला होता. परवानगी मी देते. आता तुम्हाला कागदावर अंगठा हवा असेल तर तोही देते, पण आधी तो पलंग धरा एका बाजूने.”

मुकादम पलंग धरायला गेले. मी त्या माणसाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कशाला तरी हात लावताना पाहिलं. वहिनी दुसरी बाजू उचलायला वाकली तशी मी ओरडले, “खबरदार! बस तिथं!” मग समोरच्या काकूच पुढे आल्या, त्यांची सून आली. मघाशी खो खो हसणारा एकजण कपाट ओढू लागला. रंगाचे डबे, ब्रश, रोलर, जुनी वर्तमानपत्रं असं सगळं गल्लीत आलं. औषध कालवायला लागणारं पाणी वहिनीने आपल्या पिंपातून दिलं, आणि काकूंच्या अंगणात खुर्ची टाकून पाठ ताठ करून बसली.

मी टोपी, चष्मा, मास्क, हातमोजे चढवले आणि आत गेले.

चारी भिंती माझ्याकडे बघत होत्या. खोटं कशाला बोलू, आकाशी भिंतीसमोर माझा हात अडला. इतकं सफाईदार काम! कोपऱ्यातली रेघसुद्धा दोरी लावल्यासारखी सरळ. ज्या माणसाने एवढ्या मायेने हे केलं, तो माझा भाऊ होता. मग मला गेल्या वर्षीचे वाजणारे दात आठवले आणि मी कळ दाबली. वरून खाली, मग बाजूला सरकून खालून वर, पट्ट्यावर पट्टा जरासा चढवत. दारामागे, कपाटाच्या जागी, उलट्या केलेल्या पलंगाच्या फळ्यांना खालून. खरखरीत भिंतीने औषध चांगलं धरलं. पिवळ्या भिंतीवर मी घाई केली नाही.

“वाळेपर्यंत आत जायचं नाही,” बाहेर येऊन मी वहिनीला सांगितलं. “मग केर काढ, मेलेले किडे पुरून टाक. आणि भिंतीला...”

“हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “ऐकून ऐकून पाठ झालंय, ताई.”

दादा दुपार कलताना परत आला. मी गल्लीच्या टोकाला, औषधाचं पाणी जिरवायला खणलेल्या खड्ड्याजवळ पंप धूत होते. त्याने शिडी भिंतीला टेकवली, दारातून आत बघितलं आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, आता आरडाओरडा करेल. त्याने केला नाही. ओट्यावरचा पांढऱ्या रंगाचा डबा घेतला, पेचकसाने झाकण उघडलं आणि काठीने ढवळायला लागला. मी हातातला पंप टाकून धावले, पण माझी गरज नव्हती. वहिनी दारात उभी होती. सकाळी तो जसा चौकटीला दोन्ही बाजूंनी हात लावून उभा होता, अगदी तशी.

“बाजूला हो.”

“नाही होणार.”

“हे बघ, अस्तर मारतो आणि वरून एकेक हात फिरवतो. सकाळपर्यंत वाळेल. तो बेकरीवाला...”

“त्याला हे दाखवा.”

“वेड लागलंय का तुला? माझं पोट आहे त्या भिंतींवर!”

“आणि माझं पोट?”

दादाने माझ्याकडे बघितलं. मी काही म्हणणार होते, पण आयुष्यात पहिल्यांदा मला सुचलं की ही जागा माझी नाही.

“हिने तुझे कान भरलेत,” तो म्हणाला. “ही म्हणते, मी मारलं. तुलाही तसंच वाटतं?”

वहिनीने त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग म्हणाली, “मला माहीत नाही. ताईंनाही माहीत नाही, त्या रागात बोलल्या. तुम्ही रंग लावला तो माझ्यासाठी लावला होता ना?”

“मग कुणासाठी?”

“मग यंदा माझ्यासाठी लावू नका.”

दादाच्या हातातली काठी डब्यात तशीच राहिली. वहिनीचे डोळे भरले होते, पण चौकटीवरचे हात सुटले नाहीत. “आणि तरीही लावायचाच असेल,” ती म्हणाली, “तर मला आधी माझ्या आईकडे पोचवा. मग हवा तितका रंगवा. मोकळी खोली गिऱ्हाइकाला जास्त आवडेल.”

तो ओट्यावर बसला. डब्यातल्या रंगावर साय धरली तरी तो बसूनच होता. मी माझा पंप उचलून घरी गेले. मला जेवण गेलं नाही. वहिनी जिंकली असं काही मला वाटलं नाही. दादा हट्टी आहे, आमच्या घरात सगळेच आहेत.

सकाळी कामावर जाताना मी मुद्दाम त्यांच्या गल्लीतून गेले. बेकरीवाला आलेलाच होता. जाडजूड, हसरा माणूस, बोलला की सगळ्या गल्लीला ऐकू जातं. तो खोलीच्या मधोमध उभा राहून चारी बाजूंना बघत होता, आणि दादा दाराशी.

“अरे, हे काय? भिंतींना कोड फुटलं की काय?” बेकरीवाला माझा गणवेश बघून हसला. “बरोबर, वासमावशीची कृपा! माझ्याकडेही परवा हेच करून गेले. तेच तर सांगायला आलोय. वरचा मजला मागून कर. आधी खालचा हॉल आजच्या आज घे, पाहुणे यायचेत.”

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, आणि मी बाहेर ओट्याजवळ. माझं तोंड शिवशिवत होतं. मी दातांनी जीभ धरून ठेवली.

“हॉलमध्ये झोपतं कोण?” दादाने विचारलं.

“म्हणजे? सून झोपते, तान्हं आहे ना तिचं. वर भट्टीचा उकाडा फार. का?”

“मग नाही.”

“काय नाही?”

“रंग नाही. थंडी सरली, औषधाचा जोर संपला की देतो. बाहेरच्या भिंती सांगा, दारं-खिडक्या सांगा, जाळ्या सांगा, आजच येतो. आतल्या भिंतीला आता हात लावायचा नाही.”

बेकरीवाल्याला वाटलं चेष्टा आहे. मग त्याला वाटलं दादा भाव खातोय. मग तो चिडला. “रंगारी काय तू एकटाच आहेस? छप्पन मिळतील! वरच्या मजल्याचंही मग त्यालाच देईन.”

“द्या,” दादा म्हणाला. “पण तो हॉल रंगवायला लागला की सुनेला आणि बाळाला तिच्या माहेरी पाठवा. बाळ भिंतीपेक्षा महाग आहे, शेठ. एकदा गेलं की त्याच्यावर दुसरा हात मारता येत नाही.”

हे तो चढ्या आवाजात बोलला नाही, पण बेकरीवाला तरातरा दारातून बाहेर पडला. हॉल रंगवला की नाही, मला अजून माहीत नाही. मोठं काम गेलं, एवढं खरं.

मी ओट्यावर चढले. “दादा...”

“तू बोलू नकोस. तुझ्याशी माझं अजून भांडण आहे.”

“असू दे,” मी म्हटलं. “मी कुठे मिटवायला आलेय?”

तो पिवळ्या भिंतीसमोर जाऊन उभा राहिला. सवयीने तळवा उचलला आणि भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबवला. वहिनीकडे न बघता त्याने विचारलं, “मुलगी होती का?”

मी वहिनीकडे बघितलं. मला ते माहीत होतं, काकूंना माहीत होतं, निम्म्या गल्लीला माहीत होतं. त्या दिवशी दवाखान्यात त्याला सांगायला गेलेल्या प्रत्येकाकडे त्याने पाठ फिरवली होती.

“हो,” वहिनी म्हणाली.

“मला कुणी सांगितलं नाही.”

“तुम्ही ऐकून घेतलं नाही.”

त्याने मान हलवली. हात खाली आला. कोपऱ्यातून त्याने चपला ओढल्या, पायात घातल्या आणि शिडी, ब्रश, डबा काहीच न घेता तो ओटा उतरला.

“अहो, निघालात कुठे?” वहिनी दारात आली. “स्वयंपाक झालाय. जेवून तर जा.”

“ह्या आठवड्यात कितीतरी जणांना हो म्हणून बसलोय,” दादा गल्लीतून न वळता म्हणाला. “तू वाढून ठेव. आधी सगळ्यांना नाही म्हणून येतो.”